पाटाचे पाणी आणि खिशातला फोन

मोबाइलवर लिहायला बसलेल्या लेखकाने कोणता सूर लावायचा हे आता ठरूनच गेले आहे. माणूस माणसाशी बोलेनासा झाला, मुले मैदानावर दिसेनाशी झाली, भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा ताटात न पडता फोनमध्ये पडू लागली. असे तीन उसासे टाकले की निम्मा लेख होतो, आणि उरलेल्या निम्म्यात आजोबांच्या वेळचे अंगण, तुळस आणि चांदणे. असे लेख मी आवडीने वाचतो. (बहुधा फोनवरच वाचतो, हे निराळे सांगायला नको.) परंतु वाचून झाल्यावर हाती काही लागत नाही. दुखणाइताच्या उशाशी बसून नुसते डोळे पुसणाऱ्या पाहुण्यासारखे ते लेखन आहे. त्याच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वैद्याला बोलावणे धाडायचे कोणी?

या लेखनात, आणि त्याच्याच जोडीने व्याख्यानांत, कीर्तनांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत, एक शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. तो शब्द ‘व्यसन’. मोबाइलचे व्यसन. शब्द सोपा आहे, टाळ्या घेणारा आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. तंबाखूचे व्यसन असते, पत्त्यांचे असते, तमाशाचेही असे. पण तंबाखूची पुडी कनवटीला नाही म्हणून कोणाच्या सातबाऱ्यावर पीक लागायचे राहिले, असे आजवर कोणी ऐकले आहे काय? व्यसन माणूस आपल्या पायाने जाऊन जडवून घेतो. जी वस्तू सरकार मागते, बँक मागते, कारखाना मागतो, शाळा मागते, तिला व्यसन म्हणणे हा निदान भाषेवर तरी अन्याय आहे.

माझे म्हणणे उदाहरणांनी सांगतो. मी ज्या मुलखात राहतो तो बारामती-इंदापूरचा. येथे पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत असे. तो बांधावर जाऊन करी की चावडीत बसून करी, याविषयी गावोगाव विनोद आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः आपल्या रानात उभे राहून, अ‍ॅपमध्ये पिकाचा फोटो काढून नोंद करावी असे ठरले. कल्पना चांगली आहे. चावडीत बसून उसाच्या जागी ज्वारी लिहिण्याची सोय तिने कमी केली. पण त्या दिवसापासून फोन हे नांगर-कुळवासारखे शेतीचे अवजार झाले. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवरची ऊसशेती सुरू केली. उपग्रह वरून रान पाहतो, मातीत रोवलेले यंत्र ओल मोजते, आणि आज पाणी द्यावे की नाही हे शेतकऱ्याच्या फोनवर उमटते. ज्याच्या आजोबाने ढेकूळ मुठीत दाबून ओल ओळखली, त्याचा नातू पडद्यावर बोट फिरवून ओळखतो. यात हळहळण्यासारखे मला काही वाटत नाही. पाणी वाचत असेल, खत वाचत असेल, तर बोट फिरवावे.

शाळेची गोष्ट याहून ताजी आहे. २०२० च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या फोनमध्येच सुरू झाल्या. त्या वर्षी शेळी विकून फोन आणलेली घरे मी पाहिली आहेत. आज त्याच घरातल्या बापाला पालकसभेत उभे करून सांगण्यात येते, ‘पोराच्या हातातला फोन काढून घ्या.’ बाप मान डोलावतो, घरी जातो, आणि रात्री आठ वाजता वर्गाच्या ग्रुपवर उद्याचा गृहपाठ येतो. हा विनोद मी रचलेला नाही.

पण ज्या उदाहरणाने माझी झोप उडाली ते एका मावशींचे आहे. मजुरीवर जाणारी बाई, वय साठीच्या उंबरठ्यावर. लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी २०२५ मध्ये ई-केवायसी करण्याची वेळ आली. मावशींच्या आधारला जोडलेला नंबर कधीकाळी नातवाने घेऊन दिलेला, आणि ते सिमकार्ड नातवाबरोबर चाकणला गेलेले. केंद्रावरच्या मुलाने बटण दाबले की सहा आकड्यांचा ओटीपी चाकणला पोचे. नातू कारखान्यात पाळीवर. तेथे फोन दाराशीच जमा करावा लागतो. पाळी सुटून तो फोन हातात घेई तोवर त्या आकड्याची मुदत सरलेली असे. दोन दिवसांचा रोजगार बुडवून मावशी त्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “मास्तर, नाव माझं, पैसं माझं, मंग आकडा चाकणला का जातो?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण मोबाइलवर जेवढी टीका मी वाचली आहे, तिच्यात या प्रश्नाइतके खोल कोणी गेलेले मला आढळले नाही. आपण म्हणतो, माणसे फोनवर अवलंबून आहेत. मावशींकडे पाहिले म्हणजे कळते की त्या फोनवर अवलंबून नव्हत्याच; ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यावर अवलंबून होत्या. पूर्वी कागद वाचून घ्यायला त्या गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाकडे जात, तसेच हे. फरक एवढाच की तो माणूस पारावर सापडे, आणि हा चाकणला आहे. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात या बाईला कोणत्या रांगेत बसवणार?

तेव्हा व्यसन हा शब्द मी बाजूला ठेवतो. मग दुसरा कोणता घ्यावा? आमच्याच मुलखाच्या इतिहासात याला जुळणारी एक गोष्ट होऊन गेली आहे. ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८७६-७७ चा दुष्काळ या भागाने भोगला आणि त्यानंतर १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. भाटघरच्या तलावाचे पाणी नदीने खाली येई आणि वीरजवळ कालव्यात वळवले जाई. तेथून ते बारामती, इंदापूरकडे निघे. ज्या रानात पावसाच्या आशेवर ज्वारी-बाजरी पेरायची त्या रानाला बारमाही पाणी मिळाले. गूळ आला, ऊस आला, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने उभे राहिले. आज या मुलखात जो काही पैसा खुळखुळतो त्याचा मूळ झरा त्या कालव्यात आहे. पाटावाचून जगता आले पाहिजे, असा उपदेश येथे कोणी कोणाला करीत नाही.

परंतु पाणी आले आणि काही वर्षांतच एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. जी रानं सगळ्यांत खोल, सगळ्यांत काळी, सगळ्यांत कसदार, तीच आधी बिघडू लागली. पाणी जिरे, पण खालून निघून जायला वाट नसे. जमिनीतली पाण्याची पातळी वर येई, तिच्याबरोबर पोटातले क्षार वर येत, आणि एखाद्या उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरी फटफटीत बुरशी धरल्यासारखे दिसे. आमच्याकडे म्हणतात, जमिनीला मीठ फुटले. मग ऊस पिवळा पडे, पुढच्या वर्षी उगवण विरळ होई, आणि अखेर ते रान चोपण होऊन पडून राही. दुष्काळाने जे केले नव्हते ते सुकाळाने केले.

असे का झाले? शेतकरी हावरट होता, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मुख्य कारण पाणीपट्टीच्या रीतीत होते. पट्टी एकराप्रमाणे आणि पिकाप्रमाणे आकारली जाई. पाणी किती घेतले याचा हिशेब नसे. एकराचे पैसे भरले की मग कमी पाणी घेतले काय अन् जास्त घेतले काय, खिशाला फरक नाही. तेव्हा पाळी आली की दारे धरा आणि रान तुडुंब भरा. न भरले तर आपलेच नुकसान! चांगला, सरळ, कष्टाळू शेतकरी या हिशेबाने आपल्याच रानाचे मीठ करून घेत होता.

आता खिशातल्या फोनकडे या. ज्यांना २०१६ च्या आधीचे दिवस आठवतात त्यांना मिस्ड कॉलची भाषा आठवेल. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन रिंगा म्हणजे ‘निघालो’, आणि उचललाच तर शिव्या. पैसे सेकंदाला पडत, म्हणून माणसे फोनवर बेताने बोलत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, दर कोसळले, आणि हळूहळू रोजच्या डेटाची चाल पडली. महिन्याचे पैसे एकदम भरायचे, आणि मग रोज दीड जीबी, दोन जीबी तुमचे. रात्री बारा वाजता उरले ते गेले. मी बारामतीच्या एसटी स्टँडवर दोन कॉलेजकुमारांचे बोलणे ऐकले आहे. “अर्धा जीबी राहिलाय, झोपू नको एवढ्यात.” नीरेच्या पाटावर शंभर वर्षांपूर्वी कोणी असेच म्हणाले असेल, “पाळी संपायला दोन घटका राहिल्यात, दारं सोडू नको एवढ्यात.”

याला मी व्यसन म्हणत नाही. याला मी तुडुंब भरणे म्हणतो, आणि ते भरायला लावणारी आकारणी आधी तपासून घ्या म्हणतो. शिवाय पाटाला निदान आपले पाणी कोणी जास्त घ्यावे अशी इच्छा नव्हती. फोनमध्ये जी दुकाने थाटली आहेत त्यांचा सारा व्यापार, तुमची नजर तेथे किती वेळ खिळली, यावर चालतो. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी सुरू होते, ती काही तंत्रज्ञाच्या विसराळूपणाने नव्हे. म्हणजे हा पाट असा की जो रात्री येऊन दारावर थाप मारतो आणि म्हणतो, उठा, पाणी घ्या.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. प्रत्येक नव्या साधनाविषयी जुनी माणसे अशीच कुरकुर करीत आली आहेत. प्लेटोच्या ‘फिड्रस’ या संवादात सॉक्रेटिस एक मिसरी कथा सांगतो: थ्यूथ नावाच्या देवाने लेखनकला शोधून काढली, तेव्हा राजा थॅमस म्हणाला की याने माणसे स्मरणशक्ती गमावतील, अक्षरांवर विसंबून राहतील. म्हणजे आज फोनवर जो आरोप आहे तोच तेव्हा खुद्द लेखनावर होता! आणि लेखनाने आपले काय वाकडे केले? आमच्या बारामतीत मोरोपंत राहिले, कऱ्हेच्या काठी त्यांनी आर्या रचल्या, एकशे आठ रामायणे रचली, आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांच्या आर्या पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी घोकल्या. आज बारामतीत मोरोपंतांची सलग दहा आर्या पाठ म्हणणारा माणूस शोधायला निघालो तर मला वाटते चपला झिजतील. पण हे पाठांतर काही फोनने घालवले नाही. ते छापील पुस्तकाने, परीक्षेने आणि आमच्या कंटाळ्याने आधीच घालवले होते. फोनवर उलट ‘केकावली’ आज दोन मिनिटांत सापडते. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या आणि मोठ्या ग्रंथालयाचा शेजार नसलेल्या माणसाला हा केवढा आधार आहे ते शहरातल्या प्राध्यापकाला कळायचे नाही.

तेव्हा आक्षेप निम्मा मान्य. परंतु पुस्तक आणि फोन यांत एक भेद आहे. पुस्तक मिटून फडताळात ठेवले की ते मुकाट राहते. त्याला आपली आठवण येत नाही. फोनला येते.

वर्गात हा भेद मला स्पष्ट दिसतो. मुले आजही मठ्ठ नाहीत. मी तर म्हणेन, माझ्या वेळच्या मुलांपेक्षा चलाख आहेत. शेवटच्या तासाला मी कधीकधी कथा मोठ्याने वाचून दाखवतो. पहिली चार पाने वर्ग चुळबुळतो. पूर्वीही चुळबुळत असे, पण तेव्हाची चुळबूळ खिडकीबाहेर पाहण्याची होती. आताची निराळी आहे. काहीतरी घडायचे असून ते का घडत नाही, अशी. कथेतला म्हातारा नुसता बाजेवर बसून आहे, पाऊस येत नाही, एवढेच चार पाने चालले आहे, आणि मुलांचे अंगठे बाकावर नकळत खालून वर सरकत असतात. पाचव्या-सहाव्या पानानंतर मात्र बरीच मुले शांत होतात. म्हणजे रान अजून चोपण झालेले नाही. वरंब्यावर पांढरे दिसू लागले आहे एवढेच.

कादंबरीकार म्हणून माझे एक लहानसे गाऱ्हाणे येथेच उरकून घेतो. मराठी कादंबरीचा निम्मा संसार न पोचलेल्या पत्रावर उभा होता. निरोप चुकीच्या हाती पडे, तार उशिरा येई, स्टेशनवर दोघांची चुकामूक होई, आणि तीनशे पाने बेताबेताने भरत. आता नायकाने खिशात हात घातला की तिसऱ्या पानावर उलगडा. आमच्या ओळखीचे एक लेखक नायकाला संकट आले की त्याला घाटात पाठवतात, कारण तेथे रेंज नसते. सरकारने घाटात मनोरे उभारले तर त्यांच्या लेखनाचे कसे होणार ही चिंता आहे. पण या बाबतीत रडायचे नाही असे मी ठरवले आहे. फोनने जुनी कथानके मारली आणि ‘आकडा चाकणला का जातो’ असे एक नवे हाती दिले; ते पेलण्याची ताकद लेखकात हवी.

ज्याविषयी खरोखर वाईट वाटते ती गोष्ट निराळी आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. अलीकडे अश्व सुटतो तेव्हा रिंगणाभोवती हजारो हात उंच झालेले दिसतात. टाळीसाठी नव्हे, प्रत्येक हातात फोन असतो. भाविक अश्वाकडे पाहत नाही, अश्वाच्या चित्राकडे पाहतो, आणि ते चित्र नीट आले का हे पाहीपर्यंत अश्व दोनदा फिरून जातो. मागे उभ्या असलेल्या म्हातारीला तर पुढच्यांचे कोपरच दिसतात. मी याला पाप म्हणणार नाही. मुंबईला राहिलेल्या भावाला, सौदीला गेलेल्या मुलाला ते रिंगण त्याच क्षणी दिसते, हेही काही थोडे नाही. पण जो पाहायला आला होता तो पाहण्याचे काम फोनवर सोपवून रिकाम्या डोळ्यांनी परत जातो. नंतर ती चित्रफीत तो स्वतः किती वेळा पाहत असेल कोण जाणे! माती कपाळाला लावणारे मात्र अजून आहेत, आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात.

मग उपाय काय? नीरेच्या पाटावर उपाय झाला होता, म्हणून तीच गोष्ट पुढे नेतो. पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांवर त्या काळी विश्वेश्वरय्या हे इंजिनियर होते. पुढे ज्यांना भारतरत्न मिळाले तेच. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ब्लॉक’ची पद्धत आणली. कालवा बंद केला नाही. शेतकऱ्याला हावरट म्हटले नाही. पाणी थोड्या गावांत तुडुंब न भरता अधिक गावांत पसरायचे, प्रत्येक गावाचे ठरावीक तुकडे पाडायचे, उसासारखे बारमाही पीक तुकड्याच्या एका भागातच घ्यायचे आणि उरलेल्यात हंगामी पिके, म्हणजे रानाला विसावा मिळतो. ही झाली पाळी. आणि दुसरा उपाय चरांचा: जादा पाणी निघून जाईल अशी वाट काढून द्यायची. चराची एक गंमत आहे. तो आपल्या एकट्याच्या रानात खणून भागत नाही. तो शेजाऱ्याच्या बांधातून, त्याच्या शेजाऱ्याच्या बांधातून, थेट ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. एकाने ‘माझ्या रानातून नाही’ म्हटले की वरच्या दहांचे मीठ होते. म्हणून चर हे नेहमी गावाचे काम.

फोनच्या बाबतीत असा चर खणल्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामसभेने ठरवले की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतील. साडेआठला पुन्हा वाजेल, मग ज्याला जे लावायचे ते लावावे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. आरंभी पुरुष मंडळी हसली म्हणतात. बायकांना ते आधी पटले. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर हिंडले, आणि गोष्ट रुळली.

याच्याच पुढच्या महिन्यांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू चांगला, दोघांची कळकळ सारखी. तरी टीकाकाराला निवड करावीच लागते, आणि माझे मत वडगावच्या बाजूने पडते. बंदी मुलांवर आहे, आणि बंदी घालणाऱ्या बापाच्या खिशात फोन वाजतो आहे, हे चित्र मुलाच्या नजरेतून कसे दिसत असेल? ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची बंदी करणारा कायदा केला, तोही मुलांपुरताच. पण त्यात एक गोष्ट मोलाची आहे. जबाबदारी मुलावर किंवा आईबापावर न टाकता ती कंपन्यांवर टाकली आहे. पाट ज्याचा, त्याने दार बसवावे. बान्सीला हे शक्य नव्हते. ग्रामपंचायतीचा हात कंपन्यांपर्यंत कुठून पोचणार? वडगावने केले ते मात्र कोणत्याही गावाच्या आवाक्यातले आहे. तेथे फोन वाईट ठरवला नाही, मुले बिघडली असेही ठरवले नाही. सरपंचापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सर्वांना एकच पाळी. भोंगा झाल्यावर फोन न उचलणारा माणूस तेथे शिष्ट ठरत नाही, गावासारखा ठरतो. माझ्या मते त्या दीड तासाचे खरे बळ यात आहे. एकट्याने सातला फोन बंद करून बसावे, तर साडेसातला सासरवाडीचा माणूस दारात उभा राहील, ‘झालंय काय तुम्हाला?’ म्हणून.

आता हे आमच्याकडे करायचे म्हटले तर? वडगावचा भोंगा जसाच्या तसा उचलून आणता येणार नाही, हे मला दिसते. आमच्याकडे संध्याकाळी डेअरीवर दूध घालायची वेळ असते आणि फॅटचा आकडा फोनवर येतो. गळीत हंगाम लागला की ऊसतोडीचा निरोप, गाडीचा निरोप, वजनाचा निरोप, सारे फोनवर. शेतीची वीज जेथे रात्रीच्या पाळीला येते तेथे घरबसल्या फोनवरूनच मोटर चालू होते. नाहीतर पूर्वीसारखे बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत विहिरीवर जा. हे फोन बंद करा म्हणणारा मी कोण? रानातल्या अंधारात पाय घालणारा माणूस तो फोन ठेवील, आणि ठेवावाच. भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्षी दाखवायला नाव नेणाऱ्यांचे गिऱ्हाईकही आता फोनवरच ठरते. म्हणजे तुकडे पाडावे लागतील: हा फोन कामाचा, हा नुसता भरून वाहणारा. एकाच यंत्रात दोन्ही पाणी आहे ही खरी अडचण, आणि ते वेगळे करण्याचे दार कंपनीने मुद्दाम बसवलेले नाही.

आणि त्याआधी मावशींचे काम आहे. फोन नसलेल्या, किंवा आपला नंबर दुसऱ्याच्या खिशात असलेल्या माणसाला कचेरीत दुसरी वाट असली पाहिजे: कागदाची, अंगठ्याची, ओळखणाऱ्या माणसाची. जेथे अशी वाट ठेवलेली नाही तेथे ‘फोन कमी वापरा’ हा उपदेश मला ऐकवत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात याविषयी बोलणे निघाले, तेव्हा मी तेथे होतो. देवळासमोर वीस-पंचवीस माणसे असतील, त्यांत बायका अधिक. भोंगा असावा याला कोणाची हरकत नव्हती. सात वाजता दूध असते म्हणून वेळ आठची धरावी, असे निघाले. आठला एका मालिकेची वेळ, ती बायकांनी आपण होऊन सोडली आणि टाळ्या पडल्या. मग एका तरुणाने विचारले की क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी काय? त्यावर बराच वेळ गेला. अखेर एक म्हातारा, जन्मभर पाटकरी म्हणून काम केलेला, म्हणाला, “पाळीला सणवार नसतो बाबा.” कोणी हसले, कोणी घड्याळ पाहिले. आठ की साडेआठ एवढ्यावर ते बोलणे अडले होते. दिवाळीनंतर ग्रामसभेत पुन्हा निघणार आहे.